यंत्र आलं, वाक्यं कुठून आणायची?

गेल्या रविवारी प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाचा ‘यूडीपाइप’ हा मुक्त-स्रोत पार्सर लॅपटॉपवर बसवला. तयार फाइल न घेता मुद्दाम मूळ कोडपासून. कंपायलर नव्हता म्हणून आधी अडलं. तो घातला, ‘एसआरसी’ फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ लिहिलं आणि चहा संपेपर्यंत काम झालं. बीएडवाल्या भाषाशिक्षकाला जमलं, म्हणजे कुणालाही जमेल.

पण पार्सरला स्वतःची भाषा नसते. माणसांनी पृथक्करण करून दिलेल्या वाक्यांवरून तो शिकतो. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’च्या उर्दू संग्रहात अशी 5,130 वाक्यं आहेत, ती बातम्यांमधली. मराठीच्या संग्रहात फक्त 466! आणि आमच्या घरात ‘लडकी ने आम खाया’ म्हणतंच कोण? दखनीत ‘लडकी आम खाई’. बातम्यांच्या उर्दूवर शिकलेलं यंत्र तिथं अडखळणारच, आणि वर आमच्याच बोलीला अशुद्ध ठरवलं जाईल.

वाक्यपृथक्करण आपण शिक्षक रोज फळ्यावर करतो आणि तास संपला की पुसून टाकतो. हे काम संगणकवाल्यांचं नाही, आपलं आहे. मी अम्मीच्या बोलण्यातली 40 वाक्यं वहीत उतरवली आहेत. कर्ता, कर्म, क्रियापद लावायला सुरुवात केली, तर तिसऱ्याच वाक्यावर आम्हा दोघांचं भांडण झालं.