अवघड जागेच्या दुखण्याची किंमत

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण वर्गात हसत हसत शिकवतो. तिच्यात विनोद आहे, तसाच काही अवयवांविषयी न बोलण्याचा एक सामाजिक संकेतही आहे. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाबाबत हा संकेत फार महाग पडतो, असे आम्हांस वाटते.

हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून उद्भवतो. त्याला साधारणतः १० वर्षे लागतात. शौचातील अदृश्य रक्त शोधणारी चाचणी साधी असते. कोलोनोस्कोपीत पॉलिप सापडला तर बहुतेकदा तेथेच काढता येतो. ही मुदत हुकली की शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांची पाळी येते. शासकीय योजनेतून रुग्णालयाचे बिल भागले, तरी परगावचा मुक्काम आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी घरालाच सोसावी लागते. काहींच्या पोटावर मलविसर्जनाची पिशवी कायमची येते. ती पुनःपुन्हा विकत घ्यावी लागते. लग्नकार्य, एसटीचा प्रवास, पतिपत्नींमधली जवळीक यांतून रुग्ण मुकाट्याने माघार घेतो. त्या खर्चाची पावती कोठेच फाटत नाही.

सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या पुस्तकात हा भेद नेमका टिपला आहे: क्षय फुफ्फुसांचा, म्हणून साहित्यात तो आत्मिक ठरला, कर्करोग मात्र उच्चारायला लाज वाटावी अशा अवयवांनाही गाठतो. ही लाज मोडता येते. अमेरिकन वृत्तनिवेदिका केटी कूरिक यांचे पती १९९८ मध्ये, ४२व्या वर्षी या आजाराने गेले. २००० मध्ये त्यांनी स्वतःची कोलोनोस्कोपी दूरचित्रवाणीवर दाखवली. त्यानंतर तेथे ही तपासणी करून घेणाऱ्यांची संख्या वाढली.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांची तपासणी आहे, आतड्याची नाही. पाश्चात्त्य देशांपेक्षा येथे या रोगाचे प्रमाण कमी असल्याने सरसकट तपासणीवर खर्च करावा का, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु बोलण्याला अंदाजपत्रक लागत नाही. रक्त दिसले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात, कारण तो शब्द त्यातल्या त्यात सुसह्य असतो. विद्रोही आत्मकथनांनी मराठीला कितीतरी निषिद्ध गोष्टी बोलायला शिकवले. ‘शौचातून रक्त जाते’ हे तीन शब्द घरात, वेळेवर आणि न ओशाळता उच्चारता यावेत, एवढे सामर्थ्य आपल्या भाषेत निश्चित आहे.