म्हादईच्या जंगलात अडकलेली फाईल

म्हादईचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो वाघ वाचवा, दुसरा म्हणतो माणसे वाचवा. या भांडणाचे मूळ मात्र कोणी उकरत नाही. ते आहे अर्धवट सोडलेल्या सरकारी कामात.

१९९९ साली राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये जाहीर केली. म्हादईचे क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. निर्णय योग्यच होता. पण अभयारण्यातल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करून निवाडा द्यावा, असेही १९७२ चा वन्यजीव कायदा सांगतो. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. कुळागरे, काजूच्या बागा अभयारण्याच्या नकाशात गेल्या आणि कसणारा कागदावर उपरा ठरला.

‘कागद दाखवा’ म्हणणे सोपे आहे. मी सरकारी कारकून, कागदाची महती मला कोणी सांगायला नको. पण सत्तरीत मोकासे, आल्वारा, कुमेरी असा जमिनीचा पिढ्यानपिढ्यांचा गुंता. कसणाऱ्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर असेलच असे नाही. म्हणून तर २००६ चा वनहक्क कायदा वडीलधाऱ्यांची जबानी आणि जुने बांधही पुरावा मानतो. मेख एकच. दावेदार अनुसूचित जमातीचा नसेल तर त्याला ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, म्हणजे थेट १९३० पासूनचे, पोर्तुगीज अमदानीतले! तिथे ग्रामसभेने आणि सरकारने हात द्यायचा, की त्याला तालुक्याला हेलपाटे घालायला लावायचे?

जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. ते कृत्य अक्षम्यच. पण वाघ्रो म्हणून वाघाला पुजणाऱ्या याच सत्तरीत ही पाळी का आली, हेही विचारायला हवे. ज्याला उद्या आपण इथे असू की नाही ठाऊक नाही, तो जंगलाची राखण कोणाच्या भरवशावर करील?

जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करा, असे सांगितले. बारा महिन्यांत वनहक्कांचे दावे निकालात काढा, हेही त्याच निवाड्यात होते. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. लोकांसाठी गेलो म्हणतात. लोकांचा एवढा कळवळा होता, तर दावे आधीच का निकालात काढले नाहीत? दावा लटकत राहिला की माणूस पुढाऱ्याच्या दारात उभा राहतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

गावागावांत शिबिरे घ्या, दाव्यांची यादी आणि निकालाची तारीख पंचायतीच्या फलकावर लावा. खऱ्याला सनद द्या, खोट्याला लेखी नकार द्या. एवढे झाले की वाघाला विरोध नेमका कोणाचा, तेही सगळ्यांना दिसेल.