कर्बाची खातेवही

लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर गोव्यातील डिचोलीच्या बाजारपेठेतील लहानमोठा व्यापारी देवीसमोर नवी वही मांडतो आणि गतसालची बाकी तिच्या पहिल्या पानावर ओढून मगच नव्या व्यवहारास हात घालतो. ही शिस्त व्यापाऱ्याने निष्ठेने पाळावी आणि राष्ट्राने मात्र आपल्या सर्वांत मोठ्या ठेव्याविषयी तीत कसूर करावी, हे आम्हांस इष्ट वाटत नाही. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाचा आरंभ आम्ही अरण्यांत, मातीत आणि खाऱ्या पाण्यालगतच्या, बांध घातलेल्या खाजणांत साठलेल्या कर्बाच्या हिशेबाने करीत आहोत.

वृक्ष वाढतो तो हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि त्यातील कर्ब खोडात, मुळांत व अखेरीस मातीत साठवून. तोच वृक्ष जळाला किंवा कुजला, तीच माती उकरली गेली, की तो ठेवा पुन्हा हवेत जातो, आणि एक टन कर्बाचा सुमारे 3.67 टन वायू होऊन ऋतुमानाच्या बिघाडास हातभार लावतो. देशापुरता या ठेव्याचा हिशेब डेहराडूनची, 1981 साली स्थापन झालेली, भारतीय वन सर्वेक्षण संस्था ठेवते. तिचा मोजणीदार नमुन्यादाखल निवडलेल्या जागेत उतरून जमिनीपासून 1.37 मीटर, म्हणजे छातीइतक्या, उंचीवर खोडाची जाडी मोजतो, पडलेला पाचोळा तोलतो आणि 30 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती तपासणीस धाडतो. जमिनीवरील झाडोरा, जमिनीखालील मुळे, वठलेले लाकूड, पाचोळा आणि माती अशा पाच सदरांत मांडलेल्या या हिशेबाची 2023 च्या अहवालातील बेरीज 728 कोटी 55 लाख टन आहे, आणि ती 2021 च्या अहवालापेक्षा 8 कोटी 15 लाख टनांनी अधिक आहे. या ठेव्याचा निम्म्याहून अधिक हिस्सा झाडांत नसून मातीत आहे, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानी घ्यावी.

एवढे मोठे काम चिकाटीने करणाऱ्या संस्थेविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु बेरीज वाढली एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2012 साली मान्य केलेल्या पर्यावरणीय लेखापद्धतीत, आणि परिसंस्थांसाठी 2021 साली तिला दिलेल्या जोडीत, आरंभीचा साठा, वर्षातील भर, वर्षातील घट आणि अखेरचा साठा अशी चारही सदरे अपेक्षित आहेत. आपल्याकडेही प्रा. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हरित राष्ट्रीय लेख्यांचा आराखडा 2013 साली सरकारास सादर केला, आणि केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय 2018 पासून पर्यावरणीय लेखे प्रसिद्ध करीत आले आहे. दिशा योग्य आहे. उणीव आहे ती हा हिशेब तालुक्याच्या आणि गावाच्या दफ्तरापर्यंत उतरण्याची.

ही उणीव किती महागात पडते, याचा दाखला आमच्या डिचोली तालुक्याइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी देऊ शकेल. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या खाणपट्ट्यांपासून येथील डोंगर लोहखनिजासाठी फोडले गेले. एक टन खनिज काढताना दोनतीन टन माती व दगड उपसून बाजूस टाकावा लागला, आणि शिरगाव, मुळगाव, पिळगाव, मये या गावांनी डोंगराशेजारी मातीचे नवे डोंगर उभे राहिलेले पाहिले. खनिजाची निर्यात उत्पन्न म्हणून जमेस लागली. पण त्याच्यावरचे रान, शेकडो वर्षांत घडलेला मातीचा थर आणि त्यात साठलेला कर्ब कोणत्याही वहीत खर्ची पडला नाही. पुढे त्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड झाली. दहा टक्के छत्र असलेली एक हेक्टर जागा, झाड कोणत्याही जातीचे व जमीन कोणाच्याही मालकीची असो, वनाच्छादनात गणली जात असल्याने, उपग्रहाच्या चित्रात ती लागवडही हिरवी आणि म्हादईच्या खोऱ्यातील प्राचीन रानही हिरवेच. उलटपक्षी देवाच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली एखादी राय हेक्टरभराहून लहान असेल, तर ती या व्याख्येबाहेर राहते.

मोजणीतून निसटणारा असाच आणखी एक ठेवा पाहायचा, तर नार्वे येथे, जेथून फेरीबोट दिवाडीस जाते, तेथे मांडवीच्या काठी उभे राहून पाहावे. भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आतबाहेर होते, बांधाच्या कडेने खारफुटीची मुळे चिखलात रुतलेली असतात, आणि त्या काळ्या चिखलात हवा पोचत नसल्याने पडलेले पानही लवकर कुजत नाही. म्हणूनच जगभरच्या अभ्यासांत खारफुटीच्या मातीतील कर्ब कित्येक मीटर खोल साठलेला आढळला आहे. तीस सेंटिमीटरांच्या मापाने या चिखलाचा वरचा पापुद्राच काय तो मोजला जाईल. शिवाय बांध फुटला किंवा खाजणात भराव पडला, तर नष्ट काय झाले हे सांगणारी नोंदच उपलब्ध नसेल.

सर्वोच्च न्यायालयाने 21 एप्रिल 2014 रोजी गोव्यातील वार्षिक उत्खननास 2 कोटी टनांची मर्यादा घातली, आणि खनिजावर येणाऱ्या पिढ्यांचाही हक्क आहे हे तत्त्व मानून विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा कायम निधीत ठेवण्याचा हुकूम दिला. जे न्याय्य तत्त्व भूगर्भातील खनिजास लागू झाले, ते त्यावरच्या मातीस व अरण्यास का लागू होऊ नये? 2024 पासून डिचोलीत उत्खनन पुनश्च सुरू झालेले असताना हा प्रश्न लांबणीवर टाकणे उचित नव्हे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यान्वये पंचायतींत जैवविविधता समित्या आहेत व लोक जैवविविधता नोंदवहीही आहे. त्याच वहीत गावातील राय, सुपारीचे कुळागर, सडा आणि खाजण यांच्या कर्बाचे एक पान जोडावे. कोणत्याही खाणीस, रस्त्यास वा वसाहतीस परवाना देण्यापूर्वी त्या पानावर घट मांडावी, आणि ती घट कोण, कोठे, किती वर्षांत भरून देणार याची हमी घ्यावी. बाभळीची रोपे लावून पुरातन मातीचे देणे फिटले असे मानण्याचा प्रघात बंद व्हावा. हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी, शाळांचे शिक्षक आणि खाजणांची नस जाणणारे वृद्ध कुळंबी यांनी मिळून केले, तर ते खर्चिकही नाही आणि अशक्यही नाही.

 आपापल्या गावाची ही पहिली बाकी येत्या वर्षी लिहिली जावी, अशी आमची वाचकांस मनःपूर्वक विनंती आहे.