बैलाचे दात आणि जमिनीचे खरेदीखत

पेठ वडगावच्या बाजारात बैल उभा केला की घेणारा मालकाचे बोलणे बाजूला ठेवून बैलाचे दात पाहतो. कर्जदाराने विकलेल्या जमिनीचा वाद कोर्टापुढे येतो तेव्हा न्यायाधीशही तेच करतो. खरेदीखतात काय लिहिले यापेक्षा व्यवहार कसा झाला हे तो पाहतो.

पाऊस दगा देतो, कापूस हाती लागत नाही, ज्वारी पोटऱ्यात वाळते. मग एक सल्ला कानी येतो : "जप्ती यायच्या आत जमीन मेव्हण्याच्या नावावर कर." शेतकरी बंधूंनो, हा सल्ला खड्ड्यात घालणारा आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५३ सांगते की, धनकोंना बुडवण्याच्या किंवा लटकत ठेवण्याच्या हेतूने केलेले स्थावराचे हस्तांतरण धनकोच्या मागणीवरून रद्द होऊ शकते. हेतू तर मनात असतो. तो ओळखायचा कसा? १६०१ साली इंग्लंडमध्ये ट्वाइनचा खटला गाजला. पियर्स नावाच्या शेतकऱ्यावर एका धनकोने दावा लावला होता. तो चालू असतानाच पियर्सने सगळी चीजवस्तू गुपचूप ट्वाइन या दुसऱ्या धनकोला लिहून दिली. पण मेंढरांची लोकर तोच कातरत राहिला, त्यांच्यावर खूणही स्वतःचीच मारत राहिला. लबाडी तिथेच उघडी पडली.

आपली कोर्टेही अशाच खुणा शोधतात. घेणारा नात्यातला आहे का? किंमत बाजारभावाची आहे का, पैसे खरोखर हाती पडले का? नोटीस आल्यावर घाई झाली का? विकूनही पेरणी-काढणी जुनाच मालक करतो का? नुसता संशय म्हणजे पुरावा नव्हे. पण खुणा जुळल्या की खुलासा करण्याची पाळी घेणाऱ्यावर येते.

प्रामाणिकपणे, मोल देऊन जमीन घेणाऱ्याला हेच कलम संरक्षण देते. अनेक धनकोंपैकी एकाचे खरे देणे आधी फेडणे ही फसवणूक नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९१५ मध्ये ठरवले. सोसायटीचे कर्ज मात्र वेगळे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीवर बोजा लिहून दिला असेल, तर कर्ज फिटण्याआधीची विक्री मुळातच रद्दबातल.

आणि मेव्हण्याचेच मन फिरले तर? लबाडीचा कागद करणाऱ्याला कोर्ट हात देईल याचा भरवसा नाही. जमीनही जाते, नातेही जाते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने उपजीविकेला लागणारी अवजारे, बैल, बियाणे आणि तारण न दिलेले राहते घर जप्तीतून वगळलेच आहे. कायद्याने राखलेले राखायला खोटा कागद कशाला?

हे हत्यार आपल्याही हातात आहे. कापूस नेऊन पैसे बुडवणारा व्यापारी बंगला बायकोच्या नावे करतो, तेव्हा धनको आपण असतो. असा दावा सर्व धनकोंच्या वतीने लावावा लागतो. म्हणून एकट्याने न जाता बुडालेल्या सर्वांनी मिळून उभे राहावे. काटापट्टी आणि हिशोबपट्टी जपून ठेवा. कागद नसेल तर आपण धनको आहोत हेच सिद्ध करणे अवघड.

कर्ज हे पडलेल्या भावाचे पाप असेल, तर भावाची लढाई उघड्या मैदानात लढू. मेव्हण्याच्या सात-बाऱ्याआड लपून ती जिंकता येणार नाही.