मृत्युपत्राबाहेरची मिळकत

एखाद्या धनिक नाट्यगृहमालकाचे निधन झाले आणि वारसांच्या भांडणात त्याची मिळकत लिलावात निघाली, की आम्हां मराठी मंडळींची शोकसभा ठरलेली. वास्तू वाचवण्याचा ठराव होतो. पुढे तेथे दुकानांचे गाळे उभे राहिले, की सरकारला चार शब्द सुनावून आम्ही घरी परततो. मालक हयात असताना त्याच्या मृत्युपत्रात काय लिहिले जात आहे, हे विचारायला मात्र यांतले कोणी गेलेले नसते.

कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ 1948 च्या जाळपोळीत सापडला. भालजी पेंढारकरांनी तो कर्ज काढून पुन्हा उभा केला आणि 1959 साली लिलावातून तो लता मंगेशकरांकडे गेला. 2022 मध्ये तेथील जागेच्या विक्रीची वार्ता फुटताच कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले. पुण्याचे ‘प्रभात’ तर आपल्या माळव्याच्या नात्यातले. इंदूरच्या सरदार किबे घराण्याचे हे चित्रगृह 1934 पासून प्रभातच्या मंडळींकडे भाड्याने होते; 2014 च्या अखेरीस ते मालकांकडे परतले व पुन्हा ‘किबे लक्ष्मी’ झाले. पुणेकर हळहळले. आम्हांला त्यात वावगे दिसत नाही. ज्याची वास्तू त्याला मिळाली. प्रश्न निराळाच आहे. भाडेपट्ट्याचा कागद आपण तिजोरीत ठेवतो आणि नाटकाची वही माळ्यावर टाकतो, ती का?

शेक्सपियरच्या काळी लंडनमध्ये फिलिप हेन्स्लो नावाचा नाट्यगृहमालक होता. सावकारी करणारा, हिशेबाला पक्का. नाटककारांना दिलेली उचल, वेषभूषेचा खर्च, रोजची आवक असे सारे तो वहीत टिपून ठेवी. त्याचा सावत्र जावई एडवर्ड ॲलेन हा मोठा नट. नाटकावर मिळवलेल्या पैशातून ॲलेनने 1619 साली डलिच येथे विद्यालय स्थापले आणि ती वही तेथल्या कागदपत्रांत राहिली. हेन्स्लोची नाट्यगृहे केव्हाच जमीनदोस्त झाली. त्या काळच्या रंगभूमीचा व्यवहार आज अभ्यासकांना कळतो तो प्रामुख्याने त्या वहीमुळे. एका सावकाराची खतावणी, पण केवढे तिचे मोल!

आपल्या धारचे उदाहरण याहून बोलके आहे. मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ ही चार अंकी नाटिका तेराव्या शतकात अर्जुनवर्म्याच्या काळी शिळांवर कोरली गेली. 1903 साली धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांच्या प्रयत्नांनी त्यांतली एक शिळा उजेडात आली. तिच्यावर दोनच अंक आहेत. दुसरी शिळा सापडलेली नाही, म्हणून उरलेले दोन अंकही नाहीत. दगडाची ही कथा, तर गंधवानी, धार, देवासच्या वाड्यांत गणेशोत्सवी नाटकांच्या ज्या हस्तलिखित संहिता, हँडबिले, पेटीवाल्याच्या चिजांच्या वह्या अजून ट्रंकांत पडून असतील, त्यांचे काय होणार? शेत, सोने, घर यांची वाटणी होते. ट्रंक रद्दीवाल्याला दिली जाते, किलोच्या भावाने.

यासाठी वकिलाची मोठी फी लागत नाही. साध्या कागदावरचे मृत्युपत्रही चालते; नोंदणीची सक्ती नाही; दोन साक्षीदारांसमक्ष सही हवी आणि साक्षीदार लाभार्थी नसावेत. पूर्वी केलेल्या मृत्युपत्राला पुरवणी जोडता येते. तीत ट्रंकेतल्या जिनसांची यादी द्यावी, त्या कोणाला द्यायच्या ते नाव घालून लिहावे, आणि ज्या संस्थेला द्यायच्या तिची संमती हयातीतच घ्यावी.

संस्थांकडे तरी काय सुरक्षित राहते, असे कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ठेव्याला आग लागून जुन्या फिती नष्ट झाल्या. म्हणून मूळ प्रत एका ठिकाणी आणि छायाप्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. ‘मुलांना मराठी वाचता येत नाही, त्यांना ह्या वह्या कशाला?’ हा प्रश्न आम्हांला याहून अधिक वेळा ऐकू येतो, आणि तो विचारणाऱ्यांनीच ही पुरवणी सर्वांआधी लिहायला हवी.