मातीच्या पोटातील ठेव

सुरतेजवळ तापीच्या मुखाशी खारफुटी आहे, आग्नेयेस डांगचे जंगल. केवळ झाडे मोजून या दोहोंचे मोल ठरविणे आम्हांस अपुरे वाटते. सन २००० मधील एका जागतिक अभ्यासानुसार, जमिनीच्या पहिल्या मीटरभर थरातील सेंद्रिय कर्बापैकी वरच्या २० सेंटिमीटरांत जंगलात सुमारे ५०, गवताळ प्रदेशात ४२, तर झुडपी रानात ३३ टक्के असतो, उरलेला त्याखाली. खारफुटीच्या चिखलात प्राणवायूअभावी पालापाचोळा सावकाश कुजतो आणि कर्ब कित्येक मीटर खोल साठतो. तेथे भराव घालून अन्यत्र रोपे लावली की हिशेब मिटला, हे आम्हांस मान्य नाही. शतकांची ठेव रोपांनी भरून येत नाही. सुरतेपासून गोव्यापर्यंत, किनाऱ्यावरील प्रकल्पास परवानगी देण्यापूर्वी मातीची खोलवर तपासणी सक्तीची व्हावी.