मध्यरात्रीच्या गोष्टीला उत्तर

झोपलेल्या बायकोला आणि तान्ह्या मुलाला टाकून जो मध्यरात्री घराबाहेर पडला, तो जगाला करुणा काय शिकवणार? गौतम बुद्धांवरचा हा आक्षेप भाषणांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून वारंवार समोर येतो. त्यामागे त्यांची पत्नी यशोधरा हिच्याविषयी खरा कळवळा असेल, तर तो आदराने ऐकला पाहिजे. पण ज्या प्रसंगावर हा आक्षेप उभा आहे, तो बुद्धांच्या तोंडच्या जुन्या निवेदनात नाहीच.

मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतःची हकिकत सांगतात. ऐन तारुण्यात, केस काळेभोर असताना, आईबापांची संमती नसताना आणि त्यांच्या डोळ्यांतून आसवे वाहत असताना आपण मुंडन केले, काषाय वस्त्रे घेतली आणि घर सोडले, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथे कंथक घोडा नाही, छन्न सारथी नाही, झोपेत बुडालेले अंतःपूर नाही. ते नाट्य ललितविस्तर, अश्वघोषाचे बुद्धचरित आणि निदानकथा अशा पुष्कळ नंतरच्या ग्रंथांत रंगले. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’मध्ये ही विसंगती मराठी वाचकांपुढे ठेवली, त्यालाही कित्येक दशके झाली. तरीही शाळकरी गोष्टींपासून चित्रपटांपर्यंत आपण मध्यरात्रच उगाळत बसलो आहोत.

चार दृश्यांचेही तेच. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून राजपुत्र विरक्त झाला म्हणे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर यांतले काहीच पाहिले नव्हते, हे कसे पटावे? ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या प्रस्तावनेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी हीच शंका घेतली. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात ही दृश्ये विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या चरित्रात येतात. गौतमाच्या चरित्रात ती मागाहून आली, असे मानायला भक्कम आधार आहे.

श्रद्धावान म्हणतील, हे प्रतीक आहे, त्याची चिरफाड कशाला? कारण या प्रतीकापेक्षा मूळ विचार फार खोल आहे. अंगुत्तरनिकायात बुद्ध आपल्या सुखवस्तू तारुण्याबद्दल बोलतात. आपणही म्हातारे होणार आहोत हे विसरून माणूस दुसऱ्याच्या म्हातारपणाची किळस करतो, आणि हे आपल्याला शोभणारे नाही, असे त्यांना वाटले. त्या विचारासरशी तारुण्याचा मद गळाला. पुढे आरोग्याचा आणि जगण्याचा मदही गेला. रथातून दिसलेल्या दृश्याने माणूस हादरतो. इथे त्याने स्वतःच्या मनातला गर्व पकडला आहे. पहिली घटना एका राजपुत्रापुरती राहते, दुसरी कोणाही माणसाला आज करता येते.

बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेल्या भांडणात पाहिले. अट्ठकथांमध्ये, म्हणजे पाली टीकाग्रंथांत, ते भांडण बुद्धत्वानंतरचे आहे, हे मान्य करायला हवे. पण सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्तात आटत्या पाण्यातल्या माशांप्रमाणे तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध सांगतात. म्हणजे माणसांतल्या हिंसेने त्यांना अस्वस्थ केले होते, याला जुना आधार आहे.

मग या चरित्राचे धार्मिक मोल कशात? माझ्या मते ते गृहत्यागापेक्षा त्यानंतरच्या वर्षांत जास्त आहे. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ते शिकले. दोघांनीही त्यांना मान दिला, तरी तिथले ज्ञान पुरेसे नाही म्हणून ते निघाले. मग देह झिजवणारे उग्र तप केले. तेही व्यर्थ आहे हे कळल्यावर पुन्हा अन्न घेतले. पाच सोबती भ्रष्ट ठरवून सोडून गेले, तरी त्यांची पर्वा केली नाही. आपली वाट चुकली होती, असे उघड सांगणारा हा धर्मसंस्थापक आहे. आकाशवाणी नाही, ईश्वराचा निरोप नाही. म्हणूनच त्यांना विष्णूचा नववा अवतार म्हणणे हा गौरव होत नाही. अवताराला शोधावे लागत नाही, आणि शोध काढून टाकला तर या चरित्रात धर्म म्हणून काही उरत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अवतार नाकारणारी प्रतिज्ञा आहे, ती याच कारणाने मला मर्माची वाटते.

राहिला घरच्यांच्या दुःखाचा प्रश्न. तो खरा आहे, आणि जुन्या साहित्याने तो लपवलेला नाही. विनयपिटकाच्या महावग्गात बुद्धांचा मुलगा राहुल याच्या प्रव्रज्येची, म्हणजे संघात दीक्षा घेण्याची, हकिकत आहे. नातूही गेला तेव्हा बुद्धांचे वडील शुद्धोदन यांनी त्यांच्यापुढे आपली व्यथा मांडली: तू गेलास तेव्हा दुःख झालेच होते, आता हे त्याहून भारी आहे, यापुढे आईबापांच्या परवानगीवाचून कोणाच्या मुलाला दीक्षा देऊ नये. बुद्धांनी बापाचे म्हणणे ऐकले आणि तसा नियम केला. उपसंपदा, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षा, घेणाऱ्याला आईबापांची अनुमती आहे का, हा प्रश्न थेरवादी संघात आजही विचारला जातो.